तिजोरीची किल्ली तिजोरीतच

या वेळी सहा पत्रं निवडली आहेत आणि सहाही एकाच दुखण्याची आहेत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत कोडं रचायचं, ते दुसऱ्या प्रोग्रामरनं सोडवायचं, पण त्याला मध्येच हात घालून कोड्याचीच मोडतोड करता येऊ नये. मी अकरा वर्षं सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते आणि दर पंधरवड्याला सहकाऱ्यांना एक कोडं घालते. त्यातली निम्म्याहून जास्त कोडी मी आखलेल्या वाटेनं सुटलीच नाहीत, म्हणजे खालची उत्तरं बरीचशी मार खाऊन आलेली आहेत.

एक खुलासा. या पानावर कोड छापत नाही. मागे एकदा छापलं, तर जुळणीत ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गेल्या. पायथॉनमधून त्या गेल्या की उरते ती मुक्तछंदातली कविता. म्हणून सगळं शब्दांत. नावाच्या मागे-पुढे दोन-दोन अधोरेषा असल्या की आपल्यात त्याला 'डंडर' म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : ताई, टीमसाठी मी एक 'तिजोरी' केली आहे. पायथॉनच्या प्रॉम्प्टवर तिजोरीचा ऑब्जेक्ट देतो, आत परवलीचा शब्द, तीन चुका झाल्या की तिजोरी बंद. शब्दाच्या नावाआधी दोन अधोरेषा लावून तो प्रायव्हेट केला, तर एकीनं पहिल्याच मिनिटात शब्द सांगितला. मग तो क्लोजरमध्ये, म्हणजे फंक्शननं स्वतःसोबत बांधून घेतलेल्या व्हेरिएबलांत, ठेवला. तोही तिनं काढला. आता कुठे लपवू?

उत्तर : कुठेच नाही. प्रॉम्प्ट तिच्या हातात आहे तोवर कुठेच नाही. हे ऐकायला मलाही जड गेलं होतं, म्हणून एकेक जागा दाखवते.

दोन अधोरेषा म्हणजे कुलूप नव्हे. पायथॉन त्या नावाच्या आधी एक अधोरेषा आणि क्लासचं नाव चिकटवतो, बस्स. मुलाच्या आणि आईच्या क्लासमधली नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ती सोय आहे. क्लोजरचं म्हणाल, तर प्रत्येक फंक्शनला डंडर क्लोजर असतं, त्यात सेल असतात आणि सेलमधला ऐवज सरळ वाचता येतो. ३.७ आवृत्तीपासून तो बदलताही येतो. म्हणजे तुमच्या मैत्रिणीनं शब्द वाचायचीही गरज नव्हती. तिचा स्वतःचा शब्द आत ठेवून दार उघडता आलं असतं, आणि तीन चुकांचा मोजणारा आकडा क्लोजरमध्ये असेल तर तोही शून्यावर आणता आला असता.

शब्द थेट फंक्शनच्या मजकुरात लिहिला, तर तो फंक्शनच्या कोड ऑब्जेक्टमधल्या स्थिरांकांच्या यादीत जाऊन बसतो. ती यादी छापायला एक ओळ पुरते. सगळी नावं पुसून टाकली, तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणारा, आहेच. तो ज्या ज्या वस्तूंवर नजर ठेवतो त्यांची यादी मागितली की देतो. स्ट्रिंग त्या यादीत थेट नसते, पण तिला धरून बसलेली डिक्शनरी किंवा सेल बहुधा असते. आणि तुमच्या फंक्शनच्या आत कुठे एरर उडाली, तर तिच्या ट्रेसबॅकला, म्हणजे एरर कुठून आली त्याच्या नोंदीला, फ्रेम लटकलेली असते, आणि फ्रेममध्ये त्या क्षणाचे सगळे लोकल व्हेरिएबल.

तुम्ही पहिले नाही. पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररीत 'आरएक्झेक' आणि 'बॅस्टियन' नावाची दोन मॉड्युलं होती, अविश्वासू कोड चालवण्यासाठी. २.३ आवृत्तीत ती बंद केली आणि ३.० मध्ये काढूनच टाकली. पुढे व्हिक्टर स्टिनर या पायथॉनच्या मुख्य विकासकांपैकी एकानं 'पायसँडबॉक्स' हे अविश्वासू कोडसाठी पायथॉनच्या आतलं कुंपण लिहिलं, बराच काळ एकेक भोक बुजवलं, आणि २०१३ मध्ये स्वतःच जाहीर केलं की ही रचनाच मुळात चुकीची आहे, भिंत इंटरप्रिटरच्या बाहेर हवी. पायथॉनच्या आत डोकावता येणं हा काही अपघात नाही. डीबगर, टेस्टची साधनं, ट्रेसबॅक, सगळं त्याच्यावरच चालतं. ती खिडकी बुजवलीत तर तुमचंच घर अंधारात.

उपाय कंटाळवाणा आहे. तिजोरी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. सोडवणाऱ्याला ऑब्जेक्ट देऊ नका. त्यानं एक ओळ मजकूर पाठवायचा, तिकडून 'हो' किंवा 'नाही' परत यायचं. चुकांचा आकडाही पलीकडेच. आणि ती प्रोसेस वेगळ्या युजरच्या नावानं चालवा, नाहीतर तो तुमच्या कोड्याची फाइलच उघडून वाचेल. हसू नका, माझ्या बाबतीत झालंय.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. कोड्याचं उत्तर चार अंकी होतं. फाइलमध्ये उत्तर न ठेवता त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, ठेवला. तरी एका मैत्रिणीनं उत्तर न शोधताच 'शाब्बास' छापून दाखवलं आणि दुसरीनं उत्तरच काढलं. हॅश उलटा करता येत नाही ना?

उत्तर : नाही येत, आणि दोघींनी केलाही नाही. दुसरीनं ० ते ९९९९ असे दहा हजार आकडे एकामागून एक हॅश करून पाहिले. साध्या लॅपटॉपवर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी मिसळायचा जादा मजकूर, घातलंस तरी फरक नाही, कारण सॉल्ट त्याच फाइलमध्ये आहे. मुद्दाम हळू चालणारा हॅश घेतलास, इतका की एका प्रयत्नाला एक सेकंद लागेल, तरी दहा हजार सेकंद म्हणजे पावणेतीन तास. चिकाटीची मुलगी प्रोग्राम लावून झोपेल. उत्तर लांब हवं, चार-पाच शब्दांचं, अंदाज न बांधता येणारं.

पहिलीनं जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या कोडमध्ये कुठेतरी एक 'इफ' आहे: हॅश जुळला तर शाब्बास. तिनं तो 'इफ' उलटा केला. कोड तिच्या मशीनवर आहे, तिला कोण अडवणार? जिथे सगळं कोडं एका हो-नाहीवर येऊन थांबतं, तिथे लोक कोडं सोडवत नाहीत, हो-नाही फिरवतात.

म्हणून तो 'इफ'च काढून टाक. उत्तरापासून किल्ली तयार कर आणि त्या किल्लीनं पुढच्या टप्प्याचा मजकूर बंद कर. 'क्रिप्टोग्राफी' या पॅकेजमधलं फर्नेट यासाठी पुरेसं आहे. किल्ली चुकली तर ते एरर देतं, आणि ती एरर कोणी दाबून टाकली तरी हाती काहीच लागत नाही, कारण मजकूर उघडलेलाच नसतो. आता तिनं प्रोग्रामची प्रत्येक ओळ बदलली तरी चालेल. सगळा कोड तिला छापून दे, हवं तर. ऑगुस्त केरखॉफ्सनं १८८३ साली सैन्याच्या गुप्त लिपींबद्दल हेच म्हटलं होतं: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावं.

एक सावधगिरी, खास आपल्या लिपीची. माझ्या एका कोड्याचं उत्तर 'पायऱ्या' होतं. एकानं ते बरोबर लिहिलं आणि माझ्या प्रोग्रामनं दीड दिवस त्याला चूक म्हटलं. कारण युनिकोडमध्ये ते मधलं 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असं जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, हॅश मात्र पूर्ण वेगळे. तो बिचारा स्वतःचीच अक्कल तपासत बसला होता. हॅश करण्याआधी युनिकोडडेटा मॉड्युलनं मजकूर एनएफसी या एकसारख्या रूपात आणायचा, आणि मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा छाटायच्या.

प्रश्न : सोर्स न देता फक्त पीवायसी फाइल (पायथॉननं भाषांतर करून ठेवलेला बाइटकोड) दिली, किंवा व्हेरिएबलांची नावं वाचता येणार नाहीत अशी केली, तर?

उत्तर : पाच मिनिटं जास्त मिळतील. 'डिस' मॉड्युल पायथॉनबरोबरच येतं आणि बाइटकोड ओळीनं वाचून दाखवतं. गंमत हवी असेल तर पायथॉनच्याच लायब्ररीतलं 'धिस' मॉड्युल उघडून पाहा. त्यात भाषेची तत्त्वं रॉट-१३ नं, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं सरकवून ठेवली आहेत, आणि ती उलगडणारा कोड खालीच आहे. लपवाछपवी एवढ्याच खेळकरपणे करावी.

प्रश्न : माझ्या कोड्यात खेळाडूकडे १०० नाणी आहेत आणि बक्षीस १००० नाण्यांना. खेळाडू नग किती हवेत ते लिहितो. मी ते फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलतो, हजारानं गुणतो, आणि 'किंमत शिल्लकीपेक्षा जास्त असेल तर नकार' अशी तपासणी करतो. ऋण आकड्यालाही नकार आहे. छोटी कोडी सोडवून नाणी कमवायची अशी माझी कल्पना होती. एकानं एकही नाणं न कमावता बक्षीस नेलं आणि कसं ते सांगत नाही! कसं नेलं असेल?

उत्तर : दोन रस्ते दिसतात. त्यानं ०.१ लिहिलं असेल. दशांश बक्षीस शंभर नाण्यांना, आणि तुमच्या प्रोग्रामनं अख्खं हातात दिलं. पण तो सांगत नाही, म्हणजे त्याला स्वतःचं कौतुक वाटतंय, म्हणून माझा कौल दुसऱ्या रस्त्याला: त्यानं 'नॅन' लिहिलं. 'संख्या नाही' असा अर्थ असलेली ही फ्लोटमधली किंमत. ती तीन इंग्रजी अक्षरं फ्लोटला दिली की तो मुकाट्यानं स्वीकारतो. हजार गुणिले नॅन म्हणजे नॅन. नॅन शिल्लकीपेक्षा जास्त आहे का? नाही. शून्यापेक्षा कमी आहे का? नाही. कशाच्याही तुलनेत तो लहान-मोठा ठरतच नाही. दोन्ही नकार शांतपणे ओलांडून तो आत गेला. वर शिल्लकीतून नॅन वजा केल्यावर शिल्लकही नॅन झाली, म्हणजे त्यानंतर त्याला जगातलं काहीही परवडतं.

दुरुस्ती करताना नकाराच्या अटी वाढवत बसू नका. होकाराची अट लिहा: किंमत शून्यापेक्षा मोठी आणि शिल्लकीइतकी किंवा कमी असेल तरच पुढे. नॅन त्या दारात आपोआप अडकतो. नग पूर्णांकातच घ्या. आणि ही तपासणी 'असर्ट'नं करू नका. पायथॉन मोठ्या ओ-च्या पर्यायासह चालवला की सगळे असर्ट गळून पडतात.

तुमच्याकडे मजकूर येतो म्हणून एवढ्यावर भागलं. तुमच्या फंक्शनला खेळाडू स्वतःचे ऑब्जेक्ट देऊ शकत असेल, तर खरी जत्रा सुरू होते. स्ट्रिंगपासून आपला क्लास काढायचा आणि त्याच्या बरोबरीच्या डंडर मेथडनं नेहमी 'खरं' म्हणायचं. तुम्ही तुमचं गुपित डावीकडे लिहून तुलना केलीत तरी उजवीकडचा क्लास डावीकडच्याचा वारस असला तर पायथॉन आधी त्यालाच विचारतो. चोरालाच विचारायचं की बाबा, तू घरचा का! 'हा या क्लासचा आहे का' असं विचारणाऱ्या 'इझइन्स्टन्स'नं पारखलंत तर तो वारस त्यात उजळ माथ्यानं पास होतो. तो वारस नसेल, तरी आपला डंडर क्लास खोटा सांगणारा ऑब्जेक्टही पास होतो. 'टाइप' नेमका स्ट्रिंगच आहे का, हे विचारणं एवढंच कामाचं. आणि तेही पहिल्या ओळीत, कारण एकदा विचारल्यावर एक आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर दुसरं उत्तर देणारा ऑब्जेक्टही बनवता येतो.

२००९ मध्ये टॅव या नावानं लिहिणाऱ्या प्रोग्रामरनं असंच आव्हान ठेवलं होतं. फाइल फक्त वाचू देणारं एक छोटं कवच, आणि अट ही की त्यातून एक फाइल लिहून दाखवा. मोठमोठ्या पायथॉनवाल्यांनी उड्या मारल्या. कवच फुटलं, त्यानं दुरुस्त केलं, पुन्हा फुटलं, पुन्हा दुरुस्त. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे अट एका वाक्यात होती आणि कोणीही तपासू शकेल अशी होती: फाइल लिहिली गेली की नाही.

प्रश्न : मला 'कैद' प्रकारचं कोडं करायचं आहे. सोडवणारा एक ओळ देतो, मी ती 'इव्हॅल'मध्ये (मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन) चालवतो, बिल्ट-इन, म्हणजे पायथॉनची तयार फंक्शनं, सगळे रिकामे केलेत, आणि इम्पोर्ट, इव्हॅल, ओपन हे शब्द ओळीत दिसले तर नकार देतो. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : कोडं म्हणून उत्तम, सुरक्षा म्हणून शून्य. दोन्ही वेगळी ठेवा.

कोडं म्हणून उत्तम का, तर वाट खरोखर सुंदर आहे. एक रिकामा टपल, म्हणजे न बदलणारी यादी, घ्या. त्याचा क्लास विचारा. क्लासचा पाया विचारा, तो सगळ्यांचा आदिपुरुष 'ऑब्जेक्ट'. त्याला त्याची मुलं विचारा. इंटरप्रिटरमधले त्याचे सगळे थेट वारस रांगेत उभे राहतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या फंक्शनच्या ग्लोबलमधून गेलेले बिल्ट-इन परत मिळतात. ज्याला ही वाट ठाऊक नाही त्याला ती शोधताना जो आनंद होतो, त्यासाठी मी कोडी घालते.

शब्दांवरच्या बंदीचं सांगते. पायथॉन व्हेरिएबलांची नावं वाचताना त्यांचं युनिकोडचं एनएफकेसी रूप करतो. म्हणजे गणितात वापरायच्या ठळक अक्षरांत 'ओपन' लिहिलं तर तुमच्या गाळणीला ते दिसत नाही, पायथॉनला मात्र तेच नाव वाटतं. अधोरेषेवर बंदी घातलीत तर ती स्ट्रिंगच्या आत संकेतांकानं लिहिता येते, आणि स्ट्रिंगची 'फॉरमॅट' मेथड साच्यातूनच ऑब्जेक्टच्या आत शिरते. तिच्यातून ऑब्जेक्ट बाहेर येत नाही, त्याचा मजकूर येतो. पण तुमचं गुपित मजकूरच असेल, तर झालं की काम. जिंजा या टेम्प्लेट इंजिनाच्या सँडबॉक्सलाही याच फॉरमॅटसाठी २०१६ मध्ये दुरुस्ती करावी लागली. म्हणून बंदीची यादी हा कोड्याचा भाग समजा. तुमच्या मशीनचं रक्षण तिच्यावर सोडू नका.

त्या मशीनसाठी: प्रत्येक ओळीला नवी प्रोसेस, वेगळ्या कंटेनरमध्ये, नेटवर्क बंद, मेमरी आणि वेळ यांवर मर्यादा. वेळेची मर्यादा बाहेरून घाला. मी आधी आतच सिग्नलचा गजर लावला होता. एकानं गेलेले बिल्ट-इन परत मिळवून शून्यापासून लाख कोटींपर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज एकाच 'सम'नं मागितली. पायथॉन सिग्नलकडे सहसा दोन बाइटकोड सूचनांच्या मध्येच पाहतो, आणि इथे सूचना एकच होती, संपतच नव्हती. गजर वाजला; ऐकायला कोणी नव्हतं. बाहेरच्या प्रोसेसनं आतलीला ठार मारणं हाच मार्ग.

प्रश्न : माझं कोडं सोडवायला तीन तास लागावेत अशी रचना होती. एकानं दोन मिनिटांत एका चुकीचा फायदा घेऊन उत्तर काढलं. बाकीचे म्हणतात ही फसवणूक आहे, गुण देऊ नका. तुम्ही काय कराल?

उत्तर : नियम आधी लिहिले होते का? 'फाइल बदलायची नाही, सर्व्हरवर मारा करायचा नाही, बाकी सगळं चालेल' असं लिहिलं असेल आणि त्यानं ते मोडलं नसेल, तर कोडं सुटलं. नियम लिहिलेच नसतील तर अजूनच सुटलं.

माझी गोष्ट ऐका. पाच टप्प्यांचा चक्रव्यूह रचला होता, दोन रविवार खर्चून. शेवटी एक पाच अंकी संख्या लिहायची. एका नव्या मुलानं प्रोग्राम सुरू केला, काहीच न लिहिता फक्त एंटर दाबलं, आणि उत्तर सांगितलं. रिकाम्या ओळीचा पूर्णांक होत नाही म्हणून एरर आली. ट्रेसबॅक एररबरोबर कोडची ती ओळही छापतो, आणि मी आलेल्या मजकुराचा पूर्णांक करून त्याच ओळीत उत्तराशी तुलना केली होती. पाच आकडे पडद्यावर, स्वच्छ. तो म्हणाला, "ताई, मी अजून काही केलंच नाहीये."

त्याला मी पूर्ण गुण दिले, आणि दुरुस्त केलेली आवृत्ती दुसऱ्या दिवशी 'भाग दोन' म्हणून लावली, पहिल्यातलं भोक सगळ्यांना सांगून. ज्यांना चक्रव्यूह हवा होता त्यांना तो मिळाला. तेव्हापासून नवं कोडं आधी त्याच मुलाकडे जातं. तो अजूनही पहिल्यांदा एंटर दाबतो.